मोगली कोणाचा?

जपानी कार्टूनांनी आपली भाषा बुडवली, असे मत परवा वर्गात एका मित्राने मांडले. मला ते पटले नाही.

मोगलीचेच पाहा. किपलिंगचे पुस्तक १८९४ सालचे, रान मध्य प्रदेशातल्या सिवनीचे. १९८९ साली जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशनने त्याची ५२ भागांची मालिका काढली. १९९३ मध्ये ती दूरदर्शनवर हिंदीत आली. गीत गुलजारांचे, आणि शेरखानाला आवाज आपल्या मुरूडच्या नाना पाटेकरांचा! आमचे काका अजून तो आवाज काढून दाखवतात. अणशीच्या रानातल्या काळ्या बिबट्याला आमच्या घरी बघीराच म्हणतात. तो जपानमार्गे आला, हे कोणाच्या ध्यानातही नाही.

वाणिज्याचा विद्यार्थी म्हणून मला यात व्यापार दिसतो. ओसामु तेझुका यांनी १९६३ साली आपली मालिका टीव्हीला खर्चापेक्षाही कमी दराने दिली आणि तूट खेळण्यांच्या परवान्यांतून भरून काढली. असा व्यापारी गिऱ्हाइकाच्या भाषेत बोलायला कधीच नाही म्हणत नाही. मागणीच हिंदीची गेली, तर दोष त्याचा कसा?

डोरेमॉन आमच्या घरी हिंदीतच आला. धाकटा भाऊ आजीशीही हिंदीत बोलू लागला. ती नुसती मान हलवी. गेल्या सुट्टीत आम्ही दोघांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि संवाद मराठीत म्हटले. नोबिताकडे बघत आजी म्हणाली, "हा पोरगा अभ्यास कधी करतो रे?"