पत्राच्या पाठीवर काय लिहिले आहे?



एके काळी आपल्या घराघरांत भिंतीला एक तार लटकत असे. वर आकडा, खाली लाकडाची चकती. गावाकडून आलेले कार्ड वाचून झाले की त्या तारेत टोचायचे. मनिऑर्डरची पावती, लग्नाची पत्रिका, मयताचे कार्ड, सारे त्याच तारेत. मजकूर घरातला शिकलेला पोरगा वाचून दाखवी आणि सगळे घर ऐके. पण कार्डावरच्या काळ्या गोल शिक्क्याकडे कोणी ढुंकून पाहत नसे.

तो शिक्का काय सांगतो, हे शोधण्याचे एक शास्त्रच आहे. त्याला टपालाचा इतिहास म्हणतात. तिकिटे जमवणे निराळे आणि हे निराळे. तिकिटे जमवणारा तिकीट पाहतो. हा अभ्यास करणारा सबंध पत्र पाहतो. ते कोठून निघाले? कोणत्या वाटेने गेले? किती पैसे पडले? आणि ते पैसे कोणी भरले? इंग्लंडच्या जुन्या पत्रांवर हा अभ्यास फार बारकाईने झाला आहे. त्याची गोष्ट आज सांगतो, कारण शेवटचा प्रश्न, पैसे कोणी भरले, हा जगभरच्या कष्टकरी माणसाच्या जिव्हाळ्याचा आहे.

पहिला शिक्का

इंग्लंडात राजाची टपाल आधीपासून होती, पण ती राजाच्या कामापुरती. १६३५ साली राजा पहिला चार्ल्स याने ती पैसे घेऊन सर्वांना खुली केली. पत्रे जाऊ लागली तशा तक्रारीही येऊ लागल्या. पत्र उशिरा मिळते, वाटेत कोणी तरी दाबून ठेवते. तेव्हा १६६१ साली टपाल खात्याचे प्रमुख हेन्री बिशप यांनी एक छोटा गोल शिक्का सुरू केला. मधे एक आडवी रेघ, एका बाजूला महिन्याची दोन अक्षरे आणि दुसऱ्या बाजूला तारीख. पत्र टपालात कोणत्या दिवशी आले ते आता कागदावरच दिसू लागले. उशीर झाला तर जाब विचारता येऊ लागला. शिक्क्याचा जन्म असा जबाबदारीतून झाला. गंमत म्हणजे त्या शिक्क्यात साल नव्हते. म्हणून आजच्या अभ्यासकाला साल शोधायला आतल्या मजकुरावरची तारीख पाहावी लागते. शिक्का आणि मजकूर ही दोन साक्षीदारांची जोडी आहे. एकाने सांगितले नाही तर दुसऱ्याला विचारायचे.

१६८० मध्ये विल्यम डॉक्रा नावाच्या व्यापाऱ्याने लंडन शहरापुरती एका पेनीत टपाल सुरू केली. पैसे आधीच घेत आणि 'पैसे भरले' असे सांगणारा तिकोनी शिक्का पत्रावर मारत. धंदा चालतो असे दिसताच १६८२ साली सरकारने तो ताब्यात घेतला. देशभर कोठेही पेनीत पत्र पाठवायचे मात्र पुढे दीडशे वर्षे स्वप्नच राहिले.

मैलाला किंमत

बाहेरगावच्या पत्राचा दर मैलावर ठरे. २ ऑगस्ट १७८४ रोजी जॉन पामर यांच्या योजनेतली पहिली टपालगाडी ब्रिस्टलहून लंडनकडे धावली. चार घोडे, मागे बंदूक घेतलेला राखणदार, त्याच्याजवळ कुलूपबंद घड्याळ. सुमारे १२० मैलांचा रस्ता सोळा तासांत कापला. टपाल वेगवान झाली, पण स्वस्त झाली नाही. त्याच काळात गावोगावच्या शिक्क्यांत गावाच्या नावाखाली एक आकडा दिसू लागतो. तो लंडनपासूनचे मैल सांगतो. त्यावरून कारकून दर काढी.

१८१२ साली नेपोलियनशी लढाई चालू होती आणि सरकारला पैसा हवा होता. टपालाचे दर पुन्हा वाढले. पंधरा मैलांपर्यंत ४ पेन्स, ५० ते ८० मैलांना ८ पेन्स, १७० ते २३० मैलांना ११ पेन्स. तीनशे मैलांपर्यंत १२ पेन्स, म्हणजे एक शिलिंग. पुढच्या प्रत्येक शंभर मैलांना आणखी एक पेनी. स्कॉटलंडच्या पत्रावर १८१३ पासून अर्धा पेनी जादा, आणि त्याचा शिक्काही वेगळा. लंडन ते एडिंबरो एक पत्र १ शिलिंग १३½ नव्हे, तर १ शिलिंग १½ पेनीला पडे. हा दर एका कागदाचा. दोन कागद असले की दुप्पट. पाकीट घातले तर तोही एक कागद धरत! म्हणून त्या काळची पत्रे बहुधा पाकिटाविना आहेत. कागदाचीच घडी घालून वर लाख लावलेली. काटकसर करणारे आधी सरळ लिहीत, मग तोच कागद फिरवून त्या ओळींवर आडव्या ओळी लिहीत.

आता मजुरीशी हिशेब लावा. त्या काळी इंग्लंडातल्या शेतमजुराची आठवड्याची मजुरी दहा शिलिंगच्या आसपास होती. दूरच्या मुलाचे एक पत्र म्हणजे आईबापांच्या दिवसाच्या मजुरीचा मोठा वाटा. आणि बहुतेक पत्रांचे पैसे पाठवणारा नव्हे, तर घेणारा भरे. आपल्याकडच्या बेअरिंग पत्रासारखे. पोस्टमन दारात उभा, हातात मुलाचे पत्र, आणि घरात पैसा नाही. मग पत्र परत जाई.

हे सगळे पत्रावरच दिसते. मधोमध शाईने मोठा आकडा लिहिलेला असतो. काळ्या शाईत असला तर पैसे घेणाऱ्याकडून यायचे आहेत. तांबड्या शाईत असला तर आधीच भरलेले. पत्र दुसऱ्या गावी पाठवले असेल तर जुना आकडा खोडून नवा लिहिलेला. 'चुकून या गावी आले', 'वेळ टळल्यावर टाकले' असे सांगणारेही शिक्के आहेत.

ज्यांना पैसे पडत नव्हते

काही पत्रांवर मात्र आकडा नसतो. तेथे मुकुटाचा तांबडा शिक्का असतो आणि त्यात 'फ्री' हा शब्द. ही पार्लमेंटच्या सभासदांची आणि सरदारांची पत्रे. नियमाप्रमाणे सभासदाला रोज दहा पत्रे फुकट पाठवता येत आणि पंधरा फुकट घेता येत. मित्रांच्या पत्रांवरही ते आपली सही देऊन टाकत. ज्याला शिलिंग जड नव्हता त्याचे पत्र फुकट आणि ज्याला पेनी जड होती त्याच्याकडून शिलिंग! हा अन्याय कोणी भाषणात सांगायची गरज नाही. दोन पत्रे शेजारी ठेवली की डोळ्यांना दिसतो.

गरिबांनी मग आपल्या वाटा काढल्या. सरकारी छाप असलेले वर्तमानपत्र टपालाने फुकट जाई. त्यातल्या अक्षरांखाली टाचणीने भोके पाडून निरोप धाडत. कवी कोलरिज यांची एक हकीकत रोलंड हिल यांनी सांगितली आहे. एका झोपडीच्या दारात पोस्टमनने पत्र आणले. एक शिलिंग मागितला. बाईने पत्र उलटसुलट पाहिले आणि परवडत नाही म्हणून परत दिले. पत्र तिच्या भावाचे आहे असे कळल्यावर कोलरिज यांनी, ती नको नको म्हणत असताना, पैसे भरले. पोस्टमन गेल्यावर तिने कागद उघडून दाखवला. तो कोरा होता! बहीणभावांत ठरले होते, सगळे ठीक असेल तर दर तीन महिन्यांनी कोरा कागद पाठवायचा. पत्र आले एवढ्यातच निरोप पोचला. ही गोष्ट पुढे लोकांनी हिल यांच्याच नावावर घातली, पण हिल यांनी ती कोलरिज यांची म्हणूनच सांगितली आहे. भावाची खुशाली कळण्यासाठी बहिणीला सरकारला फसवावे लागे, तर दोष बहिणीचा की दराचा?

एका पेनीची क्रांती

रोलंड हिल हे शाळामास्तर होते. टपाल खात्यात त्यांनी तोवर कधी नोकरी केली नव्हती. १८३७ साली त्यांनी एक पुस्तिका काढली. त्यांनी हिशेब मांडला की लंडनहून एडिंबरोला पत्र वाहून नेण्याचा खरा खर्च पेनीचा छत्तिसावा भाग आहे! बाकी पैसा जातो तो मैल मोजण्यात, कागद मोजण्यात आणि दारोदार वसुली करण्यात. म्हणून अर्ध्या औंसापर्यंत, देशात कोठेही, एकच पेनी घ्या आणि ती आधीच घ्या. टपाल खात्याच्या वरिष्ठांनी या योजनेची टर उडवली. पण १८३९ साली पार्लमेंटकडे दोन हजारांहून अधिक अर्ज गेले आणि कायदा झाला. १० जानेवारी १८४० पासून पेनीचा दर लागू झाला. त्याच दिवशी सभासदांचे फुकट टपालही बंद झाले. ६ मेपासून पेनी ब्लॅक हे जगातले पहिले चिकटवायचे टपाल तिकीट चालू झाले.

तिकीट काळे, त्यावर खुणेचा शिक्का तांबडा. पण तांबडी शाई पुसून लोक तिकीट पुन्हा वापरू लागले. म्हणून १८४१ साली तिकीट तांबडे केले आणि शिक्का काळा. पैसे न भरता टाकलेल्या पत्राला दुप्पट, म्हणजे दोन पेन्स. बेअरिंगला दुप्पट हा नियम आपल्यालाही चांगलाच ठाऊक आहे.

परिणाम काय झाला? १८३९ साली सुमारे साडेसात कोटी पत्रे गेली होती. १८४० साली जवळजवळ सतरा कोटी! माणसांना लिहायचे नव्हते असे नाही, त्यांना परवडत नव्हते. खात्याचे निव्वळ उत्पन्न मात्र एकदम घटले आणि पूर्वीइतके व्हायला वीस वर्षांहून अधिक लागली. तरी दर परत वाढवला नाही, हे विशेष.

मुंबईपर्यंतची वाट

ही वाट आपल्यापर्यंतही येते. आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या शिडाच्या जहाजाला विलायतेहून मुंबईला यायला चार-पाच महिने लागत. २० मार्च १८३० रोजी 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मुंबईहून सुएझकडे निघाली आणि महिनाभराने पोचली. पुढे पत्रे सुएझहून उंटांवर कैरोला, तेथून नाईल नदीने अलेक्झांड्रियाला आणि मग बोटीने युरोपात जात. पाठवणारे पाकिटावर लिहीत, 'मार्सेलीमार्गे' किंवा 'साउदॅम्प्टनमार्गे'. पहिली वाट जलद पण महाग, दुसरी स्वस्त पण लांबची. त्या दोन शब्दांवरून लिहिणाऱ्याची घाई आणि ऐपत दोन्ही कळतात. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला. आपल्या देशात १ ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्याच्या पत्राला, अंतर कितीही असो, अर्धा आणा हा एकच दर आला. हिल यांचेच तत्त्व. २५ डिसेंबर १८९८ पासून इंग्लंडचे पत्र एका पेनीत हिंदुस्थानात येऊ लागले आणि येथून एका आण्यात तेथे जाऊ लागले.

आता तुमच्या पेटीकडे

हा अभ्यास करायला लंडनला जावे लागत नाही. ट्रंकेत, माळ्यावर, जुन्या तारेत पत्रे असतील तर खाली काढा. तिकिटासाठी पाकिटाला कात्री लावू नका. तिकीट कापले की शिक्का तुटतो, शिक्का तुटला की गाव आणि तारीख गेली. पाकीट आणि आतला कागद एकत्रच ठेवा. गोल शिक्का भिंगाखाली धरा. पाठवल्याचा शिक्का कोणता, पोचल्याचा कोणता, मधे किती दिवस गेले, ते वहीत लिहा. पत्रात नावे असलेली माणसे कोण, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा. उद्या सांगायला कोणी नसेल.

कोलरिज यांच्या गोष्टीतल्या बाईचे नाव इतिहासात नाही. पण पत्राला किती पैसे पडत, हे शिक्क्यांनी आणि आकड्यांनी जपून ठेवले, म्हणून तिची अडचण आज आपल्याला कळते. आपल्या आजीने मिलमधल्या आजोबांना कोणाकडून तरी लिहवून घेतलेले कार्डही तसेच आहे. ते रद्दीत जाऊ देऊ नका.