लॅबच्या चावीबरोबर एक रजिस्टरही असतं

शाळा-कॉलेजातल्या ॲसिडचा हिशोब ठेवा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्येच सांगितलं आहे. ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या लक्ष्मी अग्रवाल यांच्या याचिकेवर त्या वर्षी 18 जुलैला आदेश आला. त्यातला दुकानदारांचा भाग बऱ्याच जणांना माहीत असतो: ओळखपत्र बघा, अठराच्या आतल्यांना विकू नका, वहीत नोंद करा. त्याच आदेशात शिक्षणसंस्था, प्रयोगशाळा आणि हॉस्पिटलांसाठीही सूचना आहेत. ॲसिड किती वापरलं याचं रजिस्टर ठेवायचं आणि ते प्रांताधिकाऱ्यांकडे सादर करायचं. ॲसिड सांभाळण्याची जबाबदारी एका ठरावीक माणसावर टाकायची. लॅबमधून बाहेर पडणाऱ्यांची तपासणी करायची. विक्रीचे नियम मोडले तर 50,000 रुपयांपर्यंत दंड.

मी बार्शीत अकरावी-बारावीच्या मुलामुलींना केमिस्ट्री शिकवते. शहरातली येतात, वैराग आणि पांगरीकडचीही येतात. दरवर्षी मी त्यांना विचारते, तुमच्या लॅबमधलं ॲसिड कोणाच्या ताब्यात असतं? कोणी सांगतं सरांच्या, कोणी शिपाईमामांच्या, कोणी म्हणतं कपाट उघडंच असतं. रजिस्टर पाहिलंय असं सांगणारं मूल मला अजून भेटायचं आहे.

मी स्वतः ज्या शाळेत शिकले तिचं नाव इथे नको. तिथल्या लॅबमध्ये एक लाकडी कपाट होतं आणि त्यात इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं बाटल्या लावलेल्या. दिसायला फार शिस्तीचं. पण त्या क्रमानं अमोनियम नायट्रेट आणि ॲसिटिक ॲसिड एकाच फळीवर येतात, आणि ही जोडी शेजारी ठेवायची नसते. बाटल्या गुणधर्म बघून लावायच्या असतात: ॲसिडं खाली आणि वेगळी, पेट घेणारे द्रव दुसरीकडे, पेटायला मदत करणारे त्यांच्यापासून लांब. याला नवीन इमारत लागत नाही, एक शनिवार लागतो.

बारावीच्या प्रॅक्टिकलला अल्डिहाइड आणि कीटोन ओळखायला 2,4-डीएनपी वापरतात. त्याची मूळ पावडर ओलसर ठेवावी लागते. पूर्ण कोरडी झाली तर धक्क्यानं किंवा घासण्यानं तिचा स्फोट होऊ शकतो, अगदी झाकणाच्या आट्यांत अडकलेल्या कणांचासुद्धा. 2016 च्या अखेरीस ब्रिटनमध्ये शाळांना जुना साठा तपासायला सांगितलं गेलं, तेव्हा शेकडो शाळांत बॉम्बनाशक पथकं बोलवावी लागली. तीच पावडर आपल्याकडेही मागवली जाते. फरक एवढाच की आपल्याकडे मे महिना असतो. सोलापूर जिल्ह्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, लॅबला दीड महिना कुलूप असतं, पंखा बंद, खिडक्या बंद. पावडर वाळते. सोडियम ज्या रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात ते उडून कमी होतं. अमोनियाच्या बाटलीत दाब वाढतो, आणि जूनमध्ये जो पहिल्यांदा बूच काढतो त्याच्या तोंडावर ती वाफ येते. तो बहुधा शिपाई असतो, त्याच्याकडे गॉगल नसतो आणि कंत्राटावर असेल तर उद्याच्या नोकरीची खात्रीही नसते.

मग पाणी. डोळ्यात ॲसिड गेलं तर निदान 15 मिनिटं वाहत्या पाण्यानं डोळा धुवायचा असतो, हे पुस्तकात असतं. बार्शीचं पाणी उजनीवरून येतं आणि उन्हाळ्यात नळाची वाट बघणं म्हणजे काय, ते आपल्या घरातल्या बायकांना विचारा. पण हिशोब करून बघा. मिनिटाला दीड लिटर धरलं तर 15 मिनिटांना साडेबावीस लिटर लागतात. पन्नास लिटरची टाकी, एक तोटी आणि रबरी नळी, एवढ्यात एका मुलाचा डोळा वाचू शकतो. टाकी रोज भरली का, हे बघणारं कोणीतरी मात्र हवं.

मुलींसाठी थोडं वेगळं सांगते, कारण हे कोणी नीट सांगत नाही. स्पिरिटच्या दिव्याजवळ सिंथेटिक ओढणी लगेच पेटते आणि वितळून कातडीला चिकटते. लॅबमध्ये सुती स्कार्फ बांधा, पदर किंवा टोकं ॲप्रनच्या आत खोचा, पिन लावा. हाच नियम मोकळ्या केसांना, मुलांच्या मफलरला आणि बाईंच्या साडीलाही आहे. सुरक्षेचं कारण देऊन एखाद्या मुलीला स्कार्फवरून दाराबाहेर उभं केलं, तर पालकांनी जाऊन एवढंच विचारावं: ॲप्रन आणि गॉगल किती जणांना दिलेत?

शाळेतली रसायनं फक्त लॅबमध्ये नसतात. संडासात टाकायचं सुटं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन वायू होतो. सफाई करणाऱ्या मावशींना हे कोणी सांगितलेलं नसतं, आणि त्या मावशी पुष्कळदा आपल्याच मोहल्ल्यातल्या असतात. 16 जुलै 2013 ला, म्हणजे त्या आदेशाच्या दोनच दिवस आधी, बिहारमधल्या मशरख भागातल्या शाळेत मध्यान्ह भोजन खाऊन 23 मुलं गेली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं. आपला तालुका तुरीचा, सोयाबीनचा, फवारणीचा. रिकामे कॅन आपल्याकडेही घराघरांत असतात, धुऊन परत वापरले जातात. शाळेच्या स्वयंपाकघरात असा एकही कॅन नको, पाण्यासाठीसुद्धा.

1 जानेवारी 2023 ला आपल्याच तालुक्यात पांगरीजवळच्या फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट झाला आणि तिथे काम करणाऱ्या बायकांचे जीव गेले. तेव्हा काही दिवस सगळीकडे परवान्यांची आणि साठ्याची चर्चा होती. शाळेतल्या साठ्याचं नाव त्या चर्चेतही निघालं नाही.

शिक्षकांची बाजूही खरी आहे. जुनी बाटली टाकायची कुठे? बेसिनमध्ये ओतली तर गटारात, पुरली तर बोअरच्या पाण्यात. घातक कचऱ्याचे 2016 चे नियम आहेत, रांजणगावला त्याची विल्हेवाट लावणारा प्रकल्प आहे, पण चार किलो जुन्या बाटल्यांसाठी बार्शीला गाडी कोण पाठवणार? म्हणून माझी मागणी साधी आहे. शिक्षणाधिकाऱ्यांनी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सोलापूर कार्यालयानं मिळून वर्षातून एकदा तालुक्यातल्या सगळ्या शाळांचा जुना साठा गोळा करावा. आणि नवीन साठा कमीच मागवावा. एनसीईआरटीनं थेंबाथेंबात प्रयोग करायचं किट बनवलेलं आहे. त्यात रसायन थोडं लागतं, म्हणून कचराही थोडाच होतो.

हे विचारायला कोण जाणार? माझ्या दोन विद्यार्थ्यांनी मला सरळ सांगितलं, "मॅडम, आमच्या नावाच्या मुलानं केमिकलची चौकशी केली तर लोक काय समजतील?" ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण वाट आहे. रसायनांची यादी मागूच नका. माहिती अधिकारात प्रांत कार्यालयाला एवढंच विचारा, की 2013 च्या आदेशाप्रमाणे बार्शी तालुक्यातल्या कोणत्या शाळा-कॉलेजांनी ॲसिड वापराचं रजिस्टर गेल्या तीन वर्षांत सादर केलं. एका अर्जात सगळ्या शाळा येतात, कुठल्या एका मुख्याध्यापकांवर बोट ठेवावं लागत नाही. अर्ज अब्बांच्या किंवा अम्मींच्या नावानं द्या. वर्गातल्या शिंदे-कांबळे मित्रांच्या आईवडिलांनाही आपापला अर्ज द्यायला सांगा. मूल त्यांचंही त्याच लॅबमध्ये असतं.

विषय एकच ठेवा, मजकूर 150 शब्दांच्या आत, आणि 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. उत्तर 30 दिवसांत यायला हवं, म्हणून अर्ज मार्च उजाडायच्या आत द्या. म्हणजे एप्रिलमध्ये, कुलूप लागायच्या आधी, ते उत्तर हातात घेऊन शाळेत जाता येईल.