गुहेतला गवंडी

कुंडी उचलताच लगबगीने पळणारे, कधी अंगाची गोळी करणारे ते राखाडी जीव कीटक नव्हेत. ते झिंगे-खेकड्यांचे भाऊबंद! पायांच्या ७ जोड्या असलेल्या या प्राण्यांचे श्वसन पोटाखालच्या अवयवांनी चालते, म्हणून त्यांना ओलावा लागतोच.

ब्राझीलमध्ये त्यांच्या २०० च्या वर जाती आहेत. शहरी बागांत सर्रास दिसणाऱ्या अनेक जाती मात्र परक्या, माणसाबरोबर युरोपातून आलेल्या. अस्सल देशी जाती पाहायच्या तर जंगलात किंवा गुहेत शिरावे लागते.

बाहिया राज्यातल्या एका चुनखडीच्या गुहेतील 'युयुनिस्कस' या जातीची नोंद २०१५ मध्ये झाली. त्याला डोळे नाहीत, रंग नाही. तो पाण्यातही वावरतो. कात टाकताना अंग मऊ पडते, तेव्हा हा पठ्ठ्या चिखलाचे घुमटाकार घर बांधून आत बसतो!

जानेवारी २०२२ मध्ये सरकारने अतिमहत्त्वाच्या गुहाही प्रकल्पांसाठी नष्ट करण्याची मुभा दिली. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ती रोखली. परक्या जातींना कुठलीही कुंडी चालते. गुहेतल्या गवंड्याला मात्र गुहाच हवी.