धरणाच्या काठी, गळ टाकून

आपल्या अर्धापूर भागात पाणी मोजायची मापे ठरलेली आहेत. कालव्याची पाळी किती दिवसांची, मोटार किती अश्वशक्तीची, बोअरला पाणी किती फुटांवर! या हिशेबाबाहेर पाण्याचे काही मोल असते, हे आपण मानतच नाही. आपल्या केळीच्या बागा ज्या पाण्यावर उभ्या आहेत, ते इसापूरहून कालव्याने येते, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण ते धरण डोळ्यांनी पाहिलेले किती जण, हे एखाद्या प्राध्यापकांनी वर्गात हात वर करायला सांगून पाहावे. आणि पाहिलेल्यांपैकी तिथे तासभर स्वस्थ बसलेला कोण? माझे म्हणणे असे की, बसले पाहिजे. आणि बसता येईल अशी जागाही असली पाहिजे.

इसापूर धरण पैनगंगेवर, मराठवाडा आणि विदर्भ यांच्या शिवेवर. मातीची भिंत, चार किलोमीटरहून लांब. १९८२ साली बांधून पूर्ण झाले. मागच्या हिवाळ्यात आम्ही चौघे मित्र तिकडे गेलो. तिघांचे पाणी पाहणे पाव तासात, म्हणजे मोबाइलवर फोटो काढून होताच, उरकले आणि भजी कुठे मिळतील याची चौकशी सुरू झाली. मी मात्र काठावर गळ टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांजवळ रेंगाळलो. "मामा, घावलं का काही?" "सकाळपून बसलोय, दोन चिलाप्या," ते नजर न वळवता म्हणाले. गळाच्या दोरीला थर्मोकोलचा तुकडा, आकड्याला कणकेची गोळी, एवढेच भांडवल. पुढच्या तासाभरात मामांकडून जे कळले, ते माझ्या कुठल्या क्रमिक पुस्तकात नव्हते. (मित्रांची भजी तेवढ्यात थंड झाली, तो भाग वेगळा.)

रोहू, कटला, मृगळ हे आपल्या नद्यांचे मासे. ते वीण घालतात पुराच्या वाहत्या पाण्यात. धरणाच्या उभ्या पाण्यात ते वाढतात, पण सहसा वीत नाहीत. म्हणून मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना जलाशयात बोटुकली आणून सोडावी लागते. पोटच्या पोरांसारखे वाढवायचे, मगच जाळे टाकायचे. चिलापीचे तसे नाही. ती मूळची आफ्रिकेची, कुठेही मुक्काम ठोकते आणि पसारा वाढवते. नदी अडवली की शेताला पाणी मिळते, हे आपण शिकलो. माशांच्या पिढ्यांचा रस्ताही अडतो, हे कुणी शिकवले?

आता मुद्द्याचे. अशा जलाशयाच्या काठी एक साधी, शांत बाग असावी. चार कडुनिंब, चार चिंचा, बसायला दगडी पार. मच्छीमार संस्थेकडून माफक पैशांत चिठ्ठी घ्यावी, एका माणसाने एकच गळ टाकावा, पैसा संस्थेलाच जावा. पावसाळ्यात बंद. होडी असावी, पण वल्ह्याची. अंगात तरंगणारे जाकीट घातल्याशिवाय कुणाला चढू देऊ नये. मोटारबोट नको, आणि भोंगा तर मुळीच नको. कारंजी आणि रंगीत दिवेही नकोत. म्हैसूरच्या वृंदावनाच्या धर्तीवर पैठणला नाथसागराच्या पायथ्याशी केवढे मोठे उद्यान उभारले. मधली बरीच वर्षे ते रया जाऊन पडले होते. कडुनिंबाला वीजबिल येत नाही.

कुणी म्हणेल, तहानलेल्या मराठवाड्यात ही होडीची चैन कशाला? २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते विसरलात काय? विसरलो नाही, म्हणूनच म्हणतो. ज्याला पाणी फक्त नळाच्या तोटीतून भेटते, त्याला मांजरा धरण आटले हे तोटी कोरडी पडल्यावर कळते. काठावर येऊन बसणाऱ्याला मात्र मागच्या महिन्याची ओली रेघ आणि आजचे पाणी यांतले अंतर डोळ्यांना दिसते.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. दर उन्हाळ्यात धरणात, तळ्यात पोरे बुडाल्याच्या बातम्या येतात. मग काठावर 'पाण्यात उतरू नये' अशी पाटी लागते आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तीच बातमी. आपल्या आजोबांच्या पिढीला गावची विहीर पोहायला शिकवत असे. पाठीला वाळका भोपळा नाही तर पत्र्याचा डबा बांधायचा आणि चुलत्याने ढकलून द्यायचे! आज विहिरींना तेवढे पाणी नाही, चुलत्यांना तेवढा वेळ नाही. पोरांना पाण्याची ओढ मात्र तशीच आहे. ती चोरून निर्जन काठावर जाण्यापेक्षा जिथे नावाडी आहे, दोर आहे, हाक ऐकणारे कुणी आहे, अशा काठावर गेलेली बरी नव्हेत काय?

आणि एक अट माझ्या मते सोडता येणार नाही. या पाण्याखाली लोकांची घरे, शिवारे, देवळे गेलेली आहेत. नावाडी, माळी, राखणदार नेमायचे झाले तर पहिला हक्क त्यांच्या नातवंडांचा आणि मच्छीमार कुटुंबांतल्या मुलांचा. बाहेरच्या ठेकेदाराला फाटक आणि तिकिटाची पेटी देऊन टाकायची असेल, तर मग बाग नसलेली परवडली.

सरकार करील तेव्हा करो. आपल्या सहली ठरल्याप्रमाणे वेरूळ-अजिंठ्याला जातात, जाव्यातही. पण पुढच्या वर्षी यादी लागेल तेव्हा भूगोलाच्या सरांनी एक दिवस इसापूरसाठी काढावा, ही विनंती. जेवणाचा डबा ज्याचा त्याने आणावा. गळ माझ्याकडे दोन आहेत.