पंचांनो, कारण सांगा

पंचाचा निर्णय अंतिम असतो, हे तालमीत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक पोराला शिकवलं जातं. माझं त्याच्याशी भांडण नाही. शेवटी कुणाचा तरी हात वर करावाच लागतो. माझं भांडण आहे ते त्याला चिकटून येणाऱ्या दुसऱ्या वाक्याशी: अंतिम आहे, म्हणून कारण विचारायचं नाही.

जानेवारी २०२३. पुण्यात कोथरूडला महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरली होती. माती विभागात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांची लढत लागली. सिकंदर मूळचा मोहोळचा, हमाली करणाऱ्या बापाचा मुलगा, पण घडला आमच्या कोल्हापुरात, गंगावेश तालमीत. महेंद्रनं बाहेरची टांग लावली, सिकंदर खाली गेला, पंचांनी महेंद्रला चार गुण दिले आणि कुस्ती फिरली. वाद एवढाच होता की सिकंदर थेट पाठीवर, धोक्याच्या स्थितीत गेला की कुशीवर पडला? पाठीवर गेला असेल तर चार गुण, नसेल तर दोन. म्हणजे प्रश्न नियमाचा होता. व्हिडिओ लावून, बोट ठेवून, पाच मिनिटांत समजावून सांगण्यासारखा.

तसं समाधान लोकांचं कुणी केलं नाही आणि मग जे व्हायचं तेच झालं. एकीकडून सुरू झालं, ‘मुसलमान म्हणून पाडला.’ दुसरीकडून उत्तर आलं, ‘हरले की धर्म काढतात.’ पंचाला फोनवरून धमकी आल्याची तक्रार पोलिसांत गेली. दोन गुण की चार, हा मूळ प्रश्न या गदारोळात कुठल्या कुठे वाहून गेला.

त्या आठवड्यात मलाही विचारणारे भेटले, ‘तुमच्या सिकंदरवर खरंच अन्याय झाला का हो?’ आदल्या आठवड्यापर्यंत तो कोल्हापूरचा पैलवान होता, हरला तसा ‘तुमचा’ झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला त्यानं शिवराज राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत चितपट करून गदा आणली, तेव्हा तो पुन्हा सगळ्यांचा झाला. हा हिशेब मला मान्य नाही.

पण आपल्या माणसांनाही दोन शब्द सांगायचे आहेत. मुन्नालाल शेख आणि सईद चाऊस यांनी ही गदा सिकंदरच्या आधीच उचलली होती, तीही पंचांच्याच निकालानं. चार गुण चुकीचे वाटले तर व्हिडिओ दाखवा, नियम दाखवा, जोरात म्हणा. पंचाच्या मनात काय होतं ते मात्र आपल्यापैकी कुणालाच दिसलेलं नाही. जे दिसलं नाही त्याची साक्ष देऊ नये. आणि ‘खेळाला धर्म नसतो’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो: वाक्य बरोबर आहे, पण ते दोन की चार या प्रश्नाचं उत्तर नाही.

दोन वर्षांनी, २ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरात तोच रोग पुन्हा उफाळला. गादी विभागात पृथ्वीराज मोहोळनं शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निकाल पंचांनी दिला. माझे दोन्ही खांदे टेकलेलेच नाहीत, रिव्ह्यू दाखवा, असं राक्षे म्हणत राहिला. अखेर त्यानं पंचाची कॉलर धरली आणि लाथ मारली. त्याच रात्री अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडही गुणांवरून वाद घालून आखाडा सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. पंचावर पाय उचलणाऱ्याला शिक्षा हवीच, त्यात दुमत नाही. पण इथं धर्म कुठून आणणार? आडनावं बदलली, तक्रार तीच राहिली. म्हणजे दुखणं पैलवानाच्या नावात नाही, निकाल देण्याच्या पद्धतीत आहे.

यावर हमखास ऐकायला मिळतं की चुका जगभर होतात. होतात ना! व्यावसायिक बॉक्सिंग तर त्यासाठी बदनाम आहे. २०१२ मध्ये लास वेगासला मॅनी पॅकियाओ जिंकला असं जवळजवळ सगळ्यांना दिसत असताना तीनपैकी दोन जजनी टिमोथी ब्रॅडलीला ११५–११३ असा विजय दिला. त्या दोघांतल्या सी. जे. रॉस यांनी पुढच्याच वर्षी मेवेदर–कनेलो लढत ११४–११४ अशी बरोबरीत धरली. बाकीच्या दोघांनी मेवेदर स्पष्ट जिंकल्याचं लिहिलं होतं. ओरड झाली आणि रॉसबाईंना बाजूला व्हावं लागलं. हे का शक्य झालं? तिथं प्रत्येक जजनं प्रत्येक फेरीला कुणाला किती गुण दिले, तो कागद नावासकट लोकांपुढे येतो. चूक तिथंही होते, पण ती कुणाची हे कळतं.

आपल्याकडे तिघं बसतात: सरपंच, मॅटवरचा पंच आणि बाजूचा पंच. कोण काय म्हणालं, कोण कुणाशी सहमत झालं, प्रेक्षकाला काही कळत नाही. दाद मागावी तर कुणाकडे? २०२३ च्या एकाच नोव्हेंबरमध्ये फुलगाव आणि धाराशिव अशा दोन ठिकाणी दोन महाराष्ट्र केसरी झाले. संघटनाच दोन, तर न्याय कुणी करायचा?

शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान असं बांधून घेतलं की मधला हौदा उंच आणि भोवतीची बैठक उतरती. शेवटच्या माणसालाही पैलवानाची पाठ दिसावी. निकाली कुस्तीत हजारो डोळे साक्षीदार असायचे. वाद तिथंही झाले, पण पाठ लागली की नाही हे लपवायची सोय नव्हती. गुणांची कुस्ती आली आणि साक्षीदार तिघांवर आले. मग त्या तिघांनी बोललंच पाहिजे.

मागणी फार मोठी नाही. वादाच्या प्रत्येक गुणाचा व्हिडिओ मैदानातल्या पडद्यावर लावा. तिघांची मतं नावानिशी जाहीर करा. कारण त्याच रात्री दोन ओळींत लिहून द्या. दाद ऐकायला त्या स्पर्धेशी संबंध नसलेली माणसं बसवा. मंचावर पुढाऱ्यांच्या खुर्च्या मांडायला जेवढा वेळ लागतो, त्याहून कमी वेळात हे होईल.

हे केलं नाही तर पुढची गदाही अशीच वादात जाईल. हरणारा शेख असला तर भांडण धर्माचं होईल, राक्षे असला तर लाथाबुक्क्यांचं. दोन्ही वेळा कारण न सांगणारा सुखरूप घरी जाईल.