मुखपृष्ठावरचे तारुण्य कोणाचे?

पर्यायी संगीताची मासिके स्वतःला बंडखोर म्हणवतात. परंतु त्यांतला तरुण बहुधा इंग्रजी बोलणारा, गिटार विकत घेण्याची ऐपत असलेला मुलगा असतो, आणि तरुणी असते ती छायाचित्रापुरती. 'रॉक स्ट्रीट जर्नल' १९९३ मध्ये मुंबई-दिल्ली सोडून अलाहाबादेत निघाले, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण गाव बदलले म्हणून वर्ग बदलत नाही.

निर्वासितांच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या उल्हासनगरात, आयुध निर्माणीच्या अंबरनाथमध्ये भीमजयंतीला गाणारी मुलगी या बंडात कोठे बसते? तिचे गाणे 'लोकसंगीत' ठरते किंवा 'प्रचार'. कबीर कला मंचाच्या शीतल साठे यांनी एप्रिल २०१३ मध्ये विधानभवनासमोर अटक पत्करली. जूनमध्ये, गरोदर असताना, त्यांना उच्च न्यायालयाने जामीन दिला. त्यांच्यावरील आरोपांची आणि गर्भारपणाची जितकी चर्चा झाली, तितकी त्यांच्या आवाजाची झाली नाही. आपल्या गोटातही 'रणरागिणी' म्हणून गौरव करून मानधनाचे पाकीट विसरणारे काही कमी नाहीत!

बदलापूरहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे ६८ किलोमीटर. मैफल लांबली तर मुलगा फलाटावर रात्र काढतो. मुलीला शेवटच्या लोकलसाठी मंच सोडावा लागतो. मुली या क्षेत्रात टिकत नाहीत, अशी हळहळ करणाऱ्या संपादकांनी एकदा रेल्वेचे वेळापत्रक चाळावे. आणि साथींनो, कल्याणपलीकडची आपली कार्यालये सायंकाळी कुलूपबंद असतात. ती या मुलींच्या तालमीसाठी उघडण्याचा ठराव येत्या बैठकीत आलाच पाहिजे.