सीझन टूमध्ये हरवलं काय? चेहरा की बरोबरी?

'अल्केमी ऑफ सोल्स'चा विषय निघाला की कुठल्याही के-ड्रामावाल्या ग्रुपमध्ये पाच मिनिटांत दोन तट पडतात. एक टीम मुडॉक, दुसरी टीम बू-यॉन. पहिल्या टीमचं म्हणणं ठरलेलं, 'हीरोइन बदलली आणि सगळी मजा गेली.' दुसरी टीम म्हणते, 'अरे, स्टोरीच तशी आहे, नीट बघा तरी!' मग जंग सो-मिन भारी की गो युन-जंग, यावर रात्री दोनपर्यंत मेसेज.

मला विचाराल तर भांडण चुकीच्या मुद्द्यावर चाललंय. दुसऱ्या सीझनमध्ये काहीतरी हरवलंय हे खरं. पण ते हीरोइनचा चेहरा बदलल्यामुळे हरवलेलं नाही.

(पुढे भरपूर स्पॉयलर आहेत. बघायचं बाकी असेल तर पान बाजूला ठेवा, बघून झालं की या.)

आधी थोडक्यात गोष्ट. देहो नावाचं एक काल्पनिक राज्य. तिथं जादू शिकवणारी मोठी घराणी आहेत आणि एक निषिद्ध विद्या आहे, एका देहातला आत्मा दुसऱ्या देहात घालण्याची. कोरियन भाषेत मालिकेचं नावच त्या विद्येवरून आहे, 'ह्वानहोन'. आपल्याला हे फार परकं वाटत नाही. आद्य शंकराचार्य अमरू राजाच्या देहात शिरले, ही परकाया प्रवेशाची आख्यायिका आपल्याकडे आहेच. इथं नाक्सू नावाची खतरनाक मारेकरी जखमी होते आणि मरता मरता मुडॉक नावाच्या एका अशक्त गावच्या मुलीच्या अंगात शिरते. आत वाघीण, बाहेर साधी दोन पावलं पळाली तरी धाप लागणारं शरीर. ती मोलकरीण म्हणून येते जांग उकच्या घरी. हा बड्या घरचा पोरगा, पण बापानंच त्याची शक्ती बंद करून ठेवलेली. कुणी गुरू त्याला शिकवायला तयार नाही. नाक्सूला तो ओळखतो, आणि तिलाच गुरू करतो.

पहिल्या सीझनची सगळी गंमत या सौद्यात आहे. चारचौघांत ती त्याची मोलकरीण, एकांतात त्याची कडक मास्तरीण. तो मालक आहे पण त्याला काही येत नाही. तिला सगळं येतं पण अंगात ताकद नाही. दोघांनाही एकमेकांची गरज आहे आणि दोघंही ते लपवत नाहीत. ती त्याला झापते, राबवते, थेट मरणाच्या दारात नेऊन उभं करते. तो तिची टर उडवतो, पण तिचं ऐकतो. यातून जे प्रेम उगवतं ते दिसण्यावरून नाही. एकमेकांचं काम बघून, एकमेकांची जिद्द बघून ते उगवतं. वीस भाग कसे संपले कळत नाही ते त्यामुळे.

मग सीझन एकचा तो शेवट. नाक्सूचा स्वतःवरचा ताबा सुटतो आणि तिच्याच हातून उक मारला जातो. तो परत जिवंत होतो, ती मात्र तळ्यात जाते.

दुसरा भाग, 'लाइट अँड शॅडो', टीव्हीएनवर 10 डिसेंबर 2022 ला सुरू झाला आणि 8 जानेवारी 2023 ला संपला. फक्त दहा भाग. गोष्टीत मध्ये तीन वर्षं गेलेली आहेत. मुडॉकचा देह वाचवला गेलाय, पण आतल्या आत्म्यामुळे त्याचा चेहरा हळूहळू बदलून नाक्सूचा झालाय. म्हणजे टीम मुडॉकवाल्यांनो, गो युन-जंग ही काही 'नवी' हीरोइन नाही. पहिल्या सीझनच्या पहिल्याच भागात नाक्सू म्हणून आपण तिलाच पाहिलं होतं. गोष्टीच्या हिशेबानं मूळ चेहरा तिचाच. आपल्या डेली सोपमध्ये एक दिवस अचानक सून बदलते आणि घरातलं कुणी चकार शब्द काढत नाही, तसला हा प्रकार नाही. चेहरा बदलणं हाच इथं विषय आहे. आत्मा तोच, चेहरा दुसरा. आता प्रेम कुणावर? हा प्रश्न उकला पडायच्या आधी आपल्याला पडतो. के-ड्रामात सहसा सोळा भागांत गोष्ट आटोपते, दुसरा सीझन क्वचित येतो. इथं तो आला आणि त्यानं प्रेक्षकालाच कोड्यात ओढलं. हे डेअरिंग मला आवडलं.

गो युन-जंगनं काम चांगलं केलंय. ली जे-वूकनं तर कमाल केलीय. तीन वर्षांनंतरचा उक बघा. ताकद अफाट, पण झोप नाही, हसू नाही. लोक त्याला राक्षस समजून टरकतात आणि तो जगण्यातला रस गेलेल्या माणसासारखा फिरतो. पोरगा रडला की त्याला 'मुलीसारखा काय रडतोस' म्हणणाऱ्या आपल्या समाजात, प्रेमाचं माणूस गेल्यावर इतका कोसळलेला हीरो बघायला मिळणं ही चांगली गोष्ट आहे.

मग खटकतं काय? दुसऱ्या सीझनमधली ती. तिला जिन घराण्याची मुलगी बू-यॉन म्हणून बंद खोलीत ठेवलंय. आठवणी नाहीत. तलवार चालवता येत नाही. आई जबरदस्तीनं लग्न लावून द्यायला निघालीय. हे खरं, की उकला लग्नाची मागणी तीच घालते आणि त्या कैदेतून निसटायची वाट तीच शोधते. तिच्या स्वभावातली ठिणगी तिथं दिसते. पण नंतर? ती त्याच्या घरात त्याच्याभोवती घुटमळते, गोड बोलते, त्याचं दुःख हलकं करते. संकट आलं की बहुतेक वेळा तो धावत येतो. जी त्याची गुरू होती तिला आता त्याच्याकडून मिळतं ते फक्त संरक्षण.

विस्मृतीची युक्ती नवी नाही. पण इथं तिची किंमत कोण मोजतं ते बघा. उकनं तीन वर्षांत जे कमावलं ते सगळं त्याच्याकडे शाबूत आहे. ती आयुष्यभर जे शिकली ते मात्र पुसून टाकलंय. तो वाढला आणि तिला लहान केलं. मग त्यांच्यातल्या प्रेमाला उरलं काय? काळजी उरली, माया उरली. बरोबरी गेली.

आणि इथं मला ही गोष्ट देहो राज्यातली वाटेनाशी होते. आपल्याच मालिका आठवा. लग्नाआधी मुलगी हुशार, बिनधास्त, करिअरवाली. हीरो तिच्या त्या तडफेवरच भाळतो. लग्न झालं की शंभर भागांत तिची तडफ फक्त कुणाचं कारस्थान उघडं पाडण्यापुरती उरते. मालिकाच कशाला, कॉलेजमधल्या जोड्याही बघा. एकत्र अभ्यास करणारे, एकमेकांच्या चुका तोंडावर सांगणारे दोघं 'ऑफिशियल' झाले की हळूहळू एकजण निर्णय घेणारा आणि दुसरी समजून घेणारी होऊन जाते. 'तो माझी किती काळजी घेतो' हे वाक्य ऐकायला छानच वाटतं. पण जोडीला 'तो माझं ऐकतो' हेही ऐकू येतं का? पहिला सीझन लग्नाआधीचा आणि दुसरा लग्नानंतरचा, हा निव्वळ योगायोग मानायला माझं मन तयार नाही.

लेखिकांना हे जमत नाही असंही नाही. हाँग भगिनींनीच 'हॉटेल डेल लूना' लिहिलीय, आणि त्यातली मालकीण शेवटपर्यंत मालकीणच असते. इथं दहा भागांत राजकारण, जुनं रहस्य, खलनायक आणि प्रेमकथा असं सगळं कोंबताना ती कडक मास्तरीण बाजूला पडली. गंमत म्हणजे आठवणी परत येतात आणि शेवटी दोघं जोडीनं मोहिमेवर निघतात, तेव्हा मालिकेचा चेहरा पुन्हा खुलतो. मला तर तेव्हा वाटलं, अरे, हेच तर बघायला बसलो होतो ना आपण! दहा भाग थांबावं का लागलं?

तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर वाद पेटला की 'कुठली हीरोइन छान दिसते' हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. दुसरा विचारा : उकला शेवटचं कधी तिच्याकडून काही शिकताना पाहिलं? उत्तरासाठी किती मागे जावं लागतं, ते मोजा. आणि जमलं तर हाच प्रश्न स्वतःच्या नात्यालाही विचारून बघा.